हिशेबात न धरलेला डबा

मामाजी, तुम्ही गेल्यावर या घरात पहिल्यांदा मोठ्याने कोणी बोललं असेल तर ती तुमची गाडी. तेरवीचे पाहुणे गेले, मंडपवाल्याने बांबू उपटून नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबे भरून गाडी बाहेर काढली आणि फाटकापाशी ब्रेक दाबला, तर पुढच्या चाकातून अशी बारीक, लांब शीळ निघाली की ओसरीवर चहा घेत बसलेला तुमचा लेक उठून उभा राहिला. इतके दिवस आम्ही सगळे दबक्या आवाजात बोलत होतो. गाडीला तो नियम कोणी सांगितलाच नव्हता.

शीळ माझ्या ओळखीची होती. तुम्हीच ओळख करून दिली होती. "हे वरडनं चांगलं असते सूनबाई," असं म्हणायचात. "पॅड झिजत आला की त्याची पत्र्याची जीभ चाकामांगच्या थाळीले लागते अन् वरडते. मुकाट्यानं संपला असता तं आपन कुठं जाऊन थांबलो असतो?" म्हणजे ब्रेकचे पॅड संपले होते, आणि ते संपणार हे तुम्हाला माहीत होतं. नव्या पॅडचं खोकं तुम्ही आणून कोठीत तुरीच्या डाळीच्या पिंपामागे ठेवलंय, ते अजून तिथेच आहे. पोळ्याच्या आधी बदलू, म्हणाला होतात. पोळा तोंडावर आला आणि तुम्ही निघून गेलात. माणसाने निदान हाती घेतलेलं काम उरकून जावं.

त्या दिवशी लोहाऱ्याहून परत आले, रिकामे डबे उतरवले, तर तुमचा लेक वाटच पाहत होता.

"गाडी इकून टाकू," तो म्हणाला.

"काहून?"

"काहून म्हंजे? आज ब्रेक, उद्या क्लच, परवा टायर. पाह्यनारा मानूस गेला आता. मले वावरातून सवड नाई. डबे ऑटोनं पाठवू. तू घरी रांध, ऑटोवाला नेऊन देईन. तुह्याच जिवाची दगदग कमी होईन."

तो वाईट बोलत नव्हता. तुम्हाला माहीत आहे, त्याला गाडीची भीतीच वाटते. तुमच्या बाजूला बसला तरी पाय दाबून बसायचा. पण ऑटो डबे नेईल, मला नेणार नाही. लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या फाटकाच्या आत जाऊन मी डबे हाती देते, कोणाचा डबा अर्धा परत आला, कोणाला खोकला झालाय म्हणून दही नको, कोणाच्या घरी बाळ झालं, हे सगळं मला तिथे कळतं. स्वयंपाकघराच्या चार भिंतींतून बाहेर पडून रस्त्यावर यायला मला चाळिशी उलटावी लागली आणि तिथपर्यंत तुम्ही आणलंत. गाडी गेली की मी पुन्हा चुलीपाशी. मी त्याला म्हटलं, "पोळ्यापर्यंत थांबा. तवापर्यंत ब्रेक नीट नाई झाले तं इका." बोलून गेले खरी, पण नीट करायचे कोणी, हे मलाच ठाऊक नव्हतं. कारण आपलं भांडण तिथेच अडकलं होतं ना.

ते भांडण तुपामुळे सुरू झालं, हे मी कोणालाही सांगितलं तरी खरं वाटत नाही.

शेवटची बैलजोडी दिली त्या वर्षीची गोष्ट. वावर ट्रॅक्टरने वखरायला लागलो होतो, गोठा रिकामा पडला, आणि तुम्ही कुठून तरी ही जुनी गाडी आणून त्यात उभी केलीत. तोंड दावणीकडे करून. डब्यांचा धंदा आपण तेव्हाच सुरू केला. स्वयंपाक माझा, गाडी तुमची. सासरा गाडी हाकतो आणि सून मागे डबे धरून बसते, म्हणून गावाने वर्षभर हसून घेतलं. मग पोळ्याची आदली संध्याकाळ आली. घरोघरी बैलांची खांद शेकणी चाललेली. जुवाने घासलेल्या खांद्यांना पळसाच्या पानाने तूप-हळद चोळायची, शेकायचं, आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. तुमच्या मात्र पायाला चैन नव्हती. ओसरीवरून गोठ्यात, गोठ्यातून ओसरीवर. शेवटी मला म्हणालात, "सूनबाई, वाटीभर तूप दे. हळद टाक त्याच्यात." मला वाटलं शेजारच्या बैलांना लावायला जाताय, म्हणून दिलं.

गाडी धुवायची म्हणून पुढची दोन्ही चाकं तुम्ही काढलीच होती. आणि विचारही तुम्ही अगदी बरोबर केला होता, हे मी आजही मानते. जू जिथे घासतं तिथे तूप लावतात. गाडीत काय घासतं? चाकामागची ती चकचकीत लोखंडी थाळी. तिला दोन्हीकडून पॅड चिमटीत धरतात तेव्हा गाडी थांबते. म्हणजे गाडीचा खांदा तोच. तुम्ही दोन्ही थाळ्यांना पळसाच्या पानाने तूप-हळद चोळलीत, हळुवार हाताने, दुखू नये अशी. पॅडनाही थोडी लावलीत. मग गाडीला कान कुठे, हा प्रश्न आला. बाजूचा आरसा तुम्हाला कानासारखा वाटला. त्याला तोंड लावून आवतन दिलंत.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैलांच्या रांगेत गाडी उभी करायची म्हणून निघालात. मी मागे नैवेद्याचं ताट मांडीवर घेऊन. घरापासून चौकाकडे उतार आहे. तुम्ही ब्रेक दाबला, गाडी आपली चाललेलीच. पुन्हा दाबला. गाडी सरळ शेजाऱ्याच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांच्या ढिगात बोनेटपर्यंत घुसली आणि थांबली. कोणाला ओरखडाही नाही, पण ताटातली कढी माझ्या नव्या साडीवर. चौकातले लोक धावत आले. तुम्ही दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून समोरच्या काड्यांकडे पाहत होतात. मग शांतपणे म्हणालात, "बुजला."

एमआयडीसीच्या फाटकासमोरच्या गॅरेजवाल्या इरफानभाईने चाक काढलं, थाळीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि तुमच्याकडे पाहिलं. "चाचा, याच्यातून तं पोळीवरच्या तुपाचा वास येऊन राह्यला." तो हसला नाही, हे त्याचे उपकार. पॅड तूप पिऊन बसलेत, आता कितीही घासले तरी पकडणार नाहीत, बदलावेच लागतील, असं त्याने सांगितलं. पॅडचे चौदाशे, थाळ्या साफ करायचे पाचशे, मजुरी सहाशे.

"पॅडचे समजले," तुम्ही म्हणालात. "सहाशे कायचे?"

"हाताचे, चाचा."

घरी येईपर्यंत तुम्ही अधूनमधून आपल्याच हातांकडे पाहत होतात. मी तेव्हाच ओळखलं की आता हे काही खरं नाही.

पुढच्या वेळी पॅड झिजले तेव्हा तुम्ही गॅरेजचं नावही काढू दिलं नाहीत. यवतमाळहून पॅड आणलेत. मग चांगला जॅक आणलात, कारण गाडीतला जॅक म्हणे पंक्चरपुरता. गाडी वर धरायला लोखंडी घोड्या आणल्यात. पान्यांचा संच आणलात. आतला दट्ट्या मागे सारायला शिकंजा आणलात. एक बोल्ट हरवला म्हणून तेवढ्यासाठी परत यवतमाळ. तो बोल्ट पुढे तुमच्याच कोपरीच्या खिशात निघाला. दोन संध्याकाळ गेल्या, तुमची कंबर धरली, आणि मी रात्री ताट वाढताना तोंडी हिशेब मांडला: इरफानभाईने केलं असतं त्याच्या दुप्पट झाले.

"पाने काय एका वेळचे असतेत?" तुम्ही म्हणालात. "पुढच्या टायमाले फक्त पॅडचे लागन."

"अन् तुमच्या कंबरेचे?"

"थे माह्यी हाय. तिचे कोन घेते?"

तुमचा हिशेब खोटा नव्हता. दुसऱ्या वेळी खरोखर पॅडचेच पैसे लागले, आणि एका सकाळीत काम झालं. तिसऱ्या वेळेपर्यंत पाने फिटले. पण माझं म्हणणं पैशांचं नव्हतंच कधी, आणि तुमचंही नव्हतं. तुम्ही म्हणायचात, बैलाच्या पायात काटा गेला तर आपण त्याला दुकानात नेत होतो का? मी म्हणायचे, बैल स्वतःच्या पायाने थांबतो मामाजी, ही थांबत नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तर दही वाढून वेळ मारून नेता येते. ब्रेकचं तसं नाही. मागे मी बसलेली असते आणि समोर लोकांची लेकरं रस्ता ओलांडत असतात.

तेव्हा तुम्ही मला गप्प केलंत ते आठवतं? "मंग तू कायले घरी रांधते? हाटेलातून आन, डबे भर, वाट. रांधाची अक्कल त्याईले जास्त." उत्तर मला दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना सुचलं, आणि मी लाटणं हातात घेऊनच गोठ्यात आले. म्हटलं, "मी रांधते थे चाखून पाह्यते. तुम्ही तुमचं काम चाखता कसं?"

हे मात्र तुम्हाला लागलं. तुम्ही माझ्या हातून वरणाचा गंज, ते उभं पातेलं, मागून घेतलात, काठोकाठ भरलेला, झाकण न लावता, आणि पुढच्या सीटवर ठेवलात. चौकापर्यंत गेलात, उतारावर ब्रेक लावलात, परत आलात, फाटकाशी पुन्हा लावलात. गंज आणून माझ्यासमोर धरलात. सीटवर थेंब नाही. "घे. चाखून पाह्यलं." तेव्हापासून या घरात ब्रेकचं काम वरणाने पास केल्याशिवाय पुरं धरलं गेलं नाही.

मला गाडी शिकवलीत तीही वरणावरच. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गाडी बंद केली, आणि धंदा बसणार असं सगळ्यांना वाटलं. तुमचा लेक म्हणाला, चालक ठेवू. तुम्ही म्हणालात, घरात चालक असताना बाहेरचा कायले? मी मागे वळून पाहिलं, कोणाबद्दल बोलताय म्हणून. कोरड्या कॅनॉलच्या बाजूच्या रस्त्यावर तुम्ही माझ्या शेजारी गंज मांडीवर घेऊन बसायचात. मी ब्रेक दाबला की वरण तुमच्या धोतरावर. मी माफी मागायची, तुम्ही म्हणायचं, "मले काय सांगतं, वरणाले विचार." एकदाही आवाज चढवला नाही. तुमची दोन धोतरं कायमची पिवळी झाली, तीच नेसून तुम्ही लग्नकार्यांना गेलात आणि विचारणाऱ्याला सांगितलंत, "सूनबाईनं गाडी शिकली, त्याचा रंग हाय." माझ्या बापाने माझं लग्न लावून दिलं, मामाजी, पण मला हाताला धरून रस्त्यावर तुम्ही आणलंत. हे तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं. पण आपण दोघं समोरासमोर आलो की भांडायचोच, आणि भांडणात असं काही बोलता येत नाही.

गाडी माझ्या हाती आल्यावर तुमची एक नवी खोड सुरू झाली. पॅड बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत लोहाऱ्याला यायला निघायचात आणि म्हणायचात, "सूनबाई, आज माह्या नावाचा एक डबा जास्त भर. काम केलं की भूक लागते." मी भरायचे. वय झालं तरी भूक शाबूत आहे म्हणून बरं वाटायचं. रिकामा डबा संध्याकाळी घासायला यायचा, चाटूनपुसून साफ.

आणि यंदा, दवाखान्यातून घरी आणल्यावर, खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही म्हणालात, "पॅड आनून ठेवले हाय. यंदा तूच कर."

"मी? मी तं गॅरेजात देईन. तुम्ही बरे व्हा अन् करा."

"गॅरेजात देशीन तं माह्ये पाने काय भंगारात देतं?"

"देईन. किलोवर."

तुम्ही हसलात, हसता हसता खोकला आला, मी पाणी दिलं. ते बोलणं तिथेच राहिलं. नंतर तुम्हाला फार बोलवत नव्हतं, आणि बोललात ते तुमच्या लेकाशी, वावराचं.

तर पोळा तोंडावर, गाडी शीळ घालते आहे, आणि माझी मुदत संपत आलेली. मी खोकं उचललं आणि डबे वाटून झाल्यावर रस्ता ओलांडून इरफानभाईकडे गेले. शेवटी माझंच म्हणणं खरं करायचं ठरवलं होतं. तुम्ही नाहीत, अडवणार कोण?

इरफानभाई टायर खोलत होता. मला पाहून उठला, हात पुसले, तुमची आठवण काढली. मी खोकं पुढे केलं. म्हटलं, "मामाजी होते तवा घरीच करत होते. आता तुम्हीच करा."

"चाचाचं काम चांगलं राहे," तो म्हणाला.

"तुमाले काय मालूम?"

"मले काय मालूम?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. "भाभी, दर टायमाले मीच तं पाह्यत होतो."

मला काही उलगडेना. मग त्याने सांगितलं. मी डबे घेऊन फाटकाच्या आत गेले की तुम्ही गाडीतून त्याला हाक मारायचात. तो यायचा, चाकांच्या फटीतून बॅटरी मारून पाहायचा, बोल्ट तपासायचा, गाडी फिरवून आणायचा आणि म्हणायचा, बराबर हाय चाचा. पैसे घेत नसे म्हणून तुम्ही त्याला डबा द्यायचात. बजावून ठेवलं होतंत, सूनबाईला कळता कामा नये.

"पह्यले नाई येत होते," इरफानभाई म्हणाला. "तुमी चालवाले लागल्या तवापासून. मी म्हनलं, चाचा, आपल्या हातावर भरोसा नाई काय? तं म्हने, मले चालवाची असती तं तुह्या दारात पाय ठेवला नसता. आता माह्यी सून चालवते."

त्याच्या दारात जुन्या टायरांचा ढीग आहे, त्यावर मी बसले. आधी मला हसू आलं, इतकं की इरफानभाई घाबरला. मग रडू आलं. तेरवीपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, लोकांच्या चहापाण्यात सवडच मिळाली नाही. ते सगळं तिथे, एमआयडीसीच्या रस्त्यावर, ग्रीसच्या वासात बाहेर आलं. इरफानभाईने पंखा माझ्याकडे वळवला आणि तो टायर खोलत राहिला.

लबाड माणूस. इतकी वर्षं माझ्याशी भांडलात, घरी केलं की फक्त पॅडचे पैसे, फक्त पॅडचे पैसे, आणि हिशेबात तो डबा कधी धरलाच नाहीत. भात, वरण, दोन भाज्या, चार पोळ्या, लोणचं. कंबरेचं मी विचारलं तर म्हणालात माह्यी हाय. डब्याचं कोणाचं होतं? माझ्याच डब्याने त्याची मजुरी फेडून माझ्यावरच कुरघोडी केलीत. आणि मी तो डबा भरताना मनात म्हणत होते, म्हाताऱ्याची भूक बरी आहे.

इरफानभाई म्हणाला, "ठेवून जा भाभी, तासाभरात करून देतो. मजुरी नाई लागत."

मी खोकं परत घेतलं. म्हटलं, "नाई. मी घरी करते. तुम्ही फक्त पाहा. डबा आनते."

रविवारी सकाळी मी साडीचा पदर खोचून गोठ्यात बसले. तुमचा लेक दारात उभा. म्हणाला, "तुले जमन?" मी म्हटलं, "मागच्या चाकाले दगड लावा, इचारत काय उभे राह्यले?" तो लावून आला. मग चाकाचे नट मला सरकेनात, तेव्हा पाना त्याने घेतला. तुम्ही मला शेजारी उभं करून जे जे बोलायचात ते हातांनी ऐकलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे विसरलं तर दुसरी बाजू पाहता येते. पॅड धरणारा तो जड लोखंडी जबडा वर उचलला की नळीवर लोंबू द्यायचा नाही, तारेने बांधायचा. जुने पॅड निघाले तेव्हा करंगळीच्या नखाएवढेही उरले नव्हते. मी ते तुमच्या लेकाच्या हातावर ठेवले. तो उलटून पालटून पाहत म्हणाला, "इतकुशावर आपन चालत होतो?" थाळी मी कोरड्या फडक्याने पुसली. बाजूच्या कोनाड्यात तुपाची वाटी नाही ना, हेही पाहून घेतलं.

दुसरी बाजू मी एकटीने केली. तो नुसता पाहत होता, आणि नेहमीसारखे पाय दाबून नव्हता उभा.

मग तुमचा शेवटचा नियम. आधी पाय, मग चावी. नवे पॅड बसवल्यावर ब्रेकचा पहिला दाब पोकळ जातो, पाय थेट खाली. तो भरून कडक होईस्तोवर दाबत राहायचं, तोवर गाडीला हात लावायचा नाही. मी बसले आणि दाबत राहिले. पोकळ. पोकळ. थोडा भरीव. मग पायाखाली कोणीतरी उभं राहिल्यासारखा तो घट्ट झाला. तेव्हा कुठे चावी फिरवली.

गंज तुमच्या लेकाने मांडीवर घेतला. मी सांगितलं नव्हतं. काठोकाठ वरण, झाकण नाही, अंगात पांढरा सदरा. चौकाच्या उतारावर मी ब्रेक लावला. शीळ नाही, काही नाही, गाडी थांबली. वरण काठापर्यंत आलं, विचार केल्यासारखं थबकलं आणि परत गेलं. परत येताना फाटकाशी एक थेंब उडाला, त्याच्या सदऱ्यावर. त्याने खाली पाहिलं, बोटाने पुसलं, चाटलं. मग म्हणाला, "मांगचे ब्रेक कवा पाहा लागते?"

गाडी विकायची गोष्ट त्यानंतर या घरात निघालेली नाही.

सोमवारी इरफानभाईला डबा दिला. त्याने बॅटरी मारली, फिरवून आणली, उतरला आणि डब्याचं झाकण उघडून पाहत म्हणाला, "चाचापेक्षा बोल्ट घट्ट कसले तुमी." तो खोटंही बोलला असेल. मला चाललं. म्हणजे आता बघा मामाजी, भांडण कोणी जिंकलं हे ठरवायला काही मार्गच राहिला नाही. घरी केलं म्हणून तुम्ही जिंकलात, गॅरेजवाल्याने पाहिलं म्हणून मी. पण तुम्ही माझ्या पाठीमागे आधीच हरून बसला होतात, आणि मीही तुमच्या पाठीमागे हरले. आता फिट्टमफाट.

आज पोळ्याची आदली संध्याकाळ आहे. घरात यंदा सण नाही, दाराला तोरण नाही, पुरण शिजणार नाही. बायांनी मला सांगितलं, यंदा गोठ्यातलंही काही करू नको. पण सासूबाई गेल्या त्या वर्षी दावणीला बैल होते, आणि तुम्ही कोणाचं न ऐकता त्यांची खांद शेकली होतीत. "मानसाचं सुतक बैलाले कायले?" म्हणाला होतात. म्हणून मी आत्ता गोठ्यात जाऊन आले. तूप नेलं होतं, पण थाळीला नाही लावलं, घाबरू नका. स्टेअरिंगला लावलं, थोडंसं, जिथे तुमचे हात घासून घासून रबर गुळगुळीत झालंय तिथे. खांदा तोच असणार. मग कोरड्या फडक्याने पुसून घेतलं, उद्या माझे हात घसरायला नकोत.

आणि आरशाला तोंड लावून आवतन दिलं. एकदा गाडीला. आणि एकदा तुम्हाला, मामाजी, कारण तुम्ही आसपासच कुठेतरी बोल्ट शोधत असाल. पुरण नाही यंदा, वरण आहे. सांडलेलं नाही. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. तुमच्या नावाचा एक डबा जास्त भरते.